धक्क्यावरची तपासणी

नदीकाठच्या तरीवर पूर्वी तपासणी नावाचा स्वतंत्र विधी नव्हता. तरीवाला आपल्या उतारूंना ओळखत असे. पलीकडच्या गावच्या बाजाराला कोण निघाले, कोणाच्या गाठोड्यात तांदूळ आहेत आणि कोणाच्या टोपलीत कोंबडी आहे, हे त्याला न विचारता कळे. एखादा अनोळखी माणूस काठावर येऊन उभा राहिला, तर वल्हे हातात घेता घेता तो सहज म्हणून विचारी, “कुणीकडचे पाहुणे?” या एका प्रश्नात पाहुणचार होता आणि चौकशीही होती. उत्तर देणाऱ्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या चेहऱ्याकडे तरीवाल्याचे लक्ष अधिक असे.

आज समुद्रावरून आणि खाडीतून चालणाऱ्या मोठ्या उतारू नौकांवर शेकडो माणसे चढतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या मोटारी, मालमोटारी, दुचाक्या आणि बसगाड्याही चढतात. नौकेचा कप्तान त्यांतल्या एकालाही ओळखत नाही. शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसलेले दोन प्रवासीही एकमेकांना ओळखत नाहीत. तरीवाल्याची ओळख नाहीशी झाली, परंतु तिची गरज नाहीशी झालेली नाही. तीच गरज भागविण्यासाठी धक्क्यावर आरसे, कुत्री, क्ष-किरणांची यंत्रे आणि गणवेषातली माणसे उभी राहिली आहेत. ही व्यवस्था कशासाठी निर्माण झाली, ती कशी चालते आणि तिची मर्यादा कोठे आहे, हे समजून घेणे प्रवाशाच्या हिताचे आहे. कारण ती त्याच्या रक्षणासाठी आहे आणि तिचा त्रासही त्यालाच सोसावा लागतो.

प्रथम नौकेची रचना लक्षात घेतली पाहिजे. ज्या नौकेत वाहने स्वतःच्या चाकांवर एका दाराने आत येतात आणि दुसऱ्या दाराने बाहेर पडतात, तिला ‘रो-रो’ म्हणतात. सर्वसाधारण मालवाहू जहाजाच्या पोटात आडव्या भिंती घालून वेगवेगळे कप्पे केलेले असतात. एका कप्प्यात पाणी शिरले, तरी बाकीचे कप्पे कोरडे राहतात व जहाज तरंगते. रो-रो नौकेच्या वाहनांच्या मजल्यावर मात्र अशा भिंती घालता येत नाहीत. घातल्या तर मोटारी पुढे सरकणार कशा? म्हणून हा मजला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एखाद्या लांबलचक पडवीसारखा मोकळा असतो. सोयीसाठी ठेवलेला हा मोकळेपणाच संकटाच्या वेळी घातक ठरतो. परातीत थोडे पाणी घालून परात किंचित कलती केली, की सगळे पाणी धावत एका बाजूला येते व परात आणखी कलते. या मजल्यावर पाणी शिरले, की नौकेचे तसेच होते. ६ मार्च १९८७ रोजी बेल्जियममधील झेब्रुगे बंदरातून निघालेली ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही इंग्रजी नौका पुढचे दार उघडे राहिल्यामुळे काही मिनिटांत कलंडली आणि १९३ माणसे मृत्युमुखी पडली. २८ सप्टेंबर १९९४ रोजी बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ ही नौका पुढचे झाकण तुटून पाणी शिरल्याने बुडाली आणि ८५२ माणसे गेली.

या दोन्ही दुर्घटनांत घातपाताचा भाग नव्हता. तथापि त्यांनी एक गोष्ट जगाला शिकविली. वाहनांचा मजला हा उतारू नौकेचा सर्वांत नाजूक भाग आहे. तेथे प्रत्येक मोटारीच्या टाकीत पेट्रोल किंवा डिझेल असते, गाड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात आणि वरच्या मजल्यांवर माणसे बसलेली अथवा झोपलेली असतात. आग लागली तर अग्निशामक दलाचा बंब तेथे येऊ शकत नाही. जे काम निष्काळजीपणाने होऊ शकते, ते दुष्ट बुद्धीने अधिक सहज होऊ शकेल, हा विचार त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

दुष्ट बुद्धीची प्रचीती त्याआधीच आलेली होती. ऑक्टोबर १९८५ मध्ये ‘अकिले लॉरो’ या इटालियन प्रवासी जहाजावर उतारू म्हणून चढलेल्या चार सशस्त्र इसमांनी इजिप्तच्या किनाऱ्याजवळ ते जहाज ताब्यात घेतले आणि चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या एका वृद्ध प्रवाशाचा खून केला. त्यातून १९८८ साली रोम येथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. सागरी प्रवासाविरुद्ध असे गुन्हे करणाऱ्याला कोणत्याही सभासद राष्ट्रात आश्रय मिळू नये, एक तर त्याच्यावर खटला भरावा नाही तर त्याला संबंधित राष्ट्राच्या हवाली करावे, असे त्यात ठरले. परंतु तो करार गुन्हा घडल्यानंतरचा होता. गुन्हेगाराला धक्क्यावरच अडवावे कसे, हा प्रश्न उरलाच होता.

त्या प्रश्नाचे गांभीर्य दाखविणारा प्रसंग १४ डिसेंबर १९९९ रोजी संध्याकाळी घडला. कॅनडातील व्हिक्टोरिया बंदरातून ‘कोहो’ ही नौका निघाली व ह्वान द फूकाची सामुद्रधुनी ओलांडून अमेरिकेतील पोर्ट अँजेलिस येथे येऊन लागली. हा प्रवास सुमारे दीड तासाचा. एकामागून एक मोटारी उतरू लागल्या आणि जकात खात्याच्या अधिकारी डायना डीन प्रत्येक चालकाला नेहमीचे चार प्रश्न विचारून सोडू लागल्या. सर्वांत शेवटी एक भाड्याची मोटार आली. कोठे चाललात, कशासाठी चाललात, या साध्या प्रश्नांना चालक अडखळत उत्तरे देऊ लागला. थंडीच्या दिवसांतही त्याला घाम फुटलेला होता. व्हिक्टोरियाच्या धक्क्यावर त्याचे पारपत्र तपासले गेले होते आणि त्यात काही वावगे आढळले नव्हते. ते पारपत्र खोट्या नावाचे होते, हे मागाहून कळले. डीन यांनी त्याला खाली उतरायला सांगितले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोटारीची डिक्की उघडली. जादा चाक ठेवण्याच्या खळग्यावरील झाकण उचलताच आत पांढऱ्या भुकटीच्या पिशव्या दिसल्या. प्रथम सर्वांना वाटले की ही मादक द्रव्ये असावीत. ती स्फोटके होती. त्यांच्याबरोबर द्रव स्फोटकाच्या बरण्या आणि वेळ लावून स्फोट घडविणारी साधनेही होती. चालक पळाला व थोड्या अंतरावर पकडला गेला. अहमद रेसाम हे त्याचे नाव. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर नव्या वर्षाच्या सुमारास स्फोट करण्याचा त्याचा बेत होता, हे पुढे न्यायालयात सिद्ध झाले व त्याला दीर्घ कारावासाची शिक्षा झाली.

या घटनेची आठवण सहसा एका दक्ष अधिकाऱ्याचे यश म्हणून काढली जाते, आणि ते यश मोठे होते यात शंका नाही. परंतु तिची दुसरी बाजूही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. ती मोटार नौकेतून उतरताना पकडली गेली. त्यापूर्वी दीड तास ती स्फोटके नौकेच्या पोटात, इतर मोटारींच्या गर्दीत होती, आणि वरच्या मजल्यावर प्रवासी निश्चिंतपणे बसले होते. देशात काय शिरते याची तपासणी झाली. नौकेवर काय चढते याची तशी तपासणी झाली नव्हती. सीमेची राखण आणि नौकेची राखण या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा धडा त्या संध्याकाळी मिळाला.

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्क व वॉशिंग्टन येथील हल्ल्यांनंतर या धड्याला कायद्याचे रूप आले. डिसेंबर २००२ मध्ये लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या परिषदेने जहाजे व बंदरे यांच्या सुरक्षिततेची एक संहिता मंजूर केली. ‘आय.एस.पी.एस.’ या अक्षरांनी ती जगभर ओळखली जाते. १ जुलै २००४ पासून ती अमलात आली. आंतरराष्ट्रीय प्रवास करणारी उतारू जहाजे, मोठी मालवाहू जहाजे आणि त्यांना सेवा देणारी बंदरे यांना ती बंधनकारक आहे. प्रत्येक जहाजावर सुरक्षेची जबाबदारी असलेला एक अधिकारी, कंपनीत एक आणि बंदरात एक, अशी तिची मांडणी आहे. प्रत्येकाने आपल्या ठिकाणचा धोका आजमावून लेखी योजना तयार करावी आणि ती सरकारकडून मंजूर करून घ्यावी, असा दंडक आहे. ही योजना उघड केली जात नाही. कुलपाची रचना चोराला सांगण्यात अर्थ नसतो.

संहितेने दक्षतेच्या तीन पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली पायरी नित्याची. ती बारा महिने पाळावयाची. धोका वाढल्याची वार्ता आली की दुसरी. हल्ला नजीक आला आहे किंवा होऊ घातला आहे असे दिसले की तिसरी. पायरी ठरविण्याचा अधिकार सरकारचा असतो. पायरी चढली की तपासल्या जाणाऱ्या वाहनांचे प्रमाण वाढते, नौकेवर जाण्याचे मार्ग कमी केले जातात आणि तिसऱ्या पायरीवर प्रसंगी वाहने चढविणेच थांबविले जाते. उतारू नौकांवर चढणाऱ्या वाहनांची चढण्यापूर्वीच तपासणी व्हावी, असे संहितेच्या मार्गदर्शक भागात स्पष्ट म्हटलेले आहे.

संहिता अमलात येण्यास चार महिने अवकाश असताना, २७ फेब्रुवारी २००४ रोजी फिलिपाइन्समध्ये मनिला येथून निघालेल्या ‘सुपरफेरी १४’ या नौकेवर स्फोट होऊन आग लागली व ११६ माणसे मेली. दूरचित्रवाणीच्या एका संचात स्फोटके दडवून तो संच नौकेवर नेण्यात आला होता आणि तो नेणारा इसम नौका सुटण्यापूर्वीच उतरून गेला होता. ही नौका देशातल्या देशात प्रवास करीत होती. म्हणजे संहिता त्या वेळी लागू असती, तरी तिच्या मूळ कक्षेत ती आली नसती. येथे स्फोटके वाहनातून आली नव्हती, परंतु वाहनांच्या बाबतीतही उपयोगी पडेल असा एक नियम या घटनेने अधोरेखित केला. सामान नौकेवर आहे आणि त्याचा धनी नाही, अशी स्थिती कधीही येऊ देऊ नये. मोटार मजल्यावर उभी करून चालक परत धक्क्यावर उतरला, तर ती मोटार इतर कोणत्याही मोटारीपेक्षा अधिक संशयास्पद ठरते.

आता प्रत्यक्ष धक्क्यावर काय घडते ते पाहू. वाहनांचे आवार कुंपणाने वेढलेले असते व आत येण्याचा मार्ग ठराविक असतो. प्रवेशद्वाराशी तिकीट आणि ओळखपत्र पाहिले जाते, वाहनाचा क्रमांक टिपला जातो व चालकाला दोन-चार प्रश्न विचारले जातात. प्रवास कोठून, गाडी कोणाची, सामान स्वतः भरले की दुसऱ्या कोणी दिले, असे हे प्रश्न असतात. ते निरर्थक वाटतात, पण कोहो नौकेची मोटार अशाच प्रश्नांनी पकडली गेली. नंतर काही वाहने बाजूला घेतली जातात. त्यांची डिक्की आणि पुढचे झाकण उघडून पाहतात. लांब दांड्याच्या टोकाला चाके व आरसा बसविलेले साधन गाडीखाली सरकवून तळ न्याहाळतात. तळाशी नवी जोडणी, ताजा रंग, मातीने न माखलेला एखादा चकचकीत तुकडा दिसतो की काय, हे त्यात पाहावयाचे असते. तपासलेली वाहने वेगळ्या रांगेत उभी केली जातात आणि न तपासलेल्या वाहनांशी त्यांचा पुन्हा संबंध येऊ दिला जात नाही. निवडलेले धान्य न निवडलेल्या धान्याच्या सुपात परत टाकले, तर निवडण्याचे सारे श्रम फुकट जातात. तसेच हे आहे. नौका सुटल्यावर वाहनांच्या मजल्याचे दरवाजे बंद करून प्रवाशांना वरच ठेवण्याची पद्धतही याच धोरणाचा भाग आहे. आगीच्या दृष्टीनेही ती हिताची आहे.

माणसाच्या डोळ्यांच्या मदतीला काही साधने आली आहेत. त्यांतले सर्वांत जुने व अद्याप अजिंक्य राहिलेले साधन म्हणजे कुत्र्याचे नाक. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटल शहराभोवतालच्या बेटांना जोडणाऱ्या नौका चालतात. तेथे रांगेत थांबलेल्या मोटारींमधून राज्य पोलिसांचे शिकविलेले कुत्रे आणि त्याचा रखवालदार चालत जातात. गाडी उघडावी लागत नाही, चालकाला उतरावे लागत नाही. बहुतेक प्रवाशांना तर आपली गाडी तपासली गेली हे कळतही नाही. कुत्र्याला स्फोटकांचे ठराविक वास ओळखण्यास शिकविलेले असते आणि वास सापडला की भुंकण्याऐवजी मुकाट्याने खाली बसण्याची सवय लावलेली असते. त्याच्या दृष्टीने हा सारा खेळ असतो व बक्षिसाचा चेंडू हे त्याचे वेतन. परंतु कुत्राही थकतो. त्याला विसावा द्यावा लागतो व त्याचे शिक्षण नित्य उजळावे लागते.

दुसरे साधन रासायनिक आहे. स्फोटक हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांना त्याचे डोळ्यांना न दिसणारे कण चिकटतात, आणि तेथून ते दाराच्या मुठीवर व चालनचक्रावर उतरतात. तपासनीस कापडाच्या पट्टीने ती जागा पुसतो व पट्टी यंत्रात घालतो. यंत्र ते कण तापवून त्यांची वाफ करते, त्या वाफेला विद्युद्भारित करते आणि तिचे रेणू एका नळीतून किती वेळात पार होतात ते मोजते. प्रत्येक पदार्थाचा वेळ निराळा असल्याने पदार्थाची ओळख पटते. तिसरे साधन क्ष-किरणांचे. मालमोटार उघडून रिकामी करावयाची म्हटली तर दिवस जाईल. मोठ्या बंदरांतून संपूर्ण मालमोटार क्ष-किरणांच्या कमानीखालून नेतात आणि पडद्यावर तिच्या आतील मालाची छाया पाहतात. कागदपत्रांत लिहिलेला माल व छायेत दिसणारा माल जुळतो की नाही, हे ताडून पाहिले जाते.

या तपासणीचा आणखी एक पैलू आहे. मालमोटारीत दडलेली प्रत्येक गोष्ट घातकच असते असे नाही. कधी तेथे असहाय माणसे असतात. जून २००० मध्ये झेब्रुगेहून इंग्लंडमधील डोव्हर बंदरात उतरलेल्या एका मालमोटारीत टोमॅटोच्या पेट्यांमागे साठ चिनी स्थलांतरित लपविलेले आढळले. चालकाने हवेची झडप बंद केली होती. साठांपैकी ५८ गुदमरून मेले होते, दोघे जिवंत होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच झेब्रुगेहून इंग्लंडमध्ये आलेल्या एका बंद गाड्यात ३९ व्हिएतनामी स्त्रीपुरुषांचे मृतदेह सापडले. चढतानाच तपासणी झाली असती तर ही माणसे वाचण्याचा संभव होता. म्हणून काही बंदरांत श्वास आणि हृदय यांचा शोध घेणारी साधने वापरतात. बाहेरील हवेत कर्बद्विप्राणिद वायूचे प्रमाण शेकडा ०.०४ च्या आसपास असते, तर माणसाच्या उच्छ्वासात ते शेकडा चार असते, म्हणजे जवळजवळ शंभर पट. मालमोटारीच्या ताडपत्रीतून एक पोकळ सळई आत घालून हवा मोजली, की आत कोणी श्वास घेत असल्यास ते कळते. दुसरे साधन इंजिन बंद केलेल्या गाडीच्या सांगाड्याला चिकटवितात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर शरीर अतिसूक्ष्म हेलकावा घेते व तो हेलकावा सांगाड्यात उतरतो. माणूस कितीही निश्चल बसला तरी त्याला आपले हृदय थांबविता येत नाही. तपासणीचे यंत्र येथे पहारेकऱ्याचे काम करीत असतानाच वैद्याचेही काम करते.

मग प्रत्येक वाहन संपूर्ण का तपासू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. दीडशे मोटारींची नौका आणि मोटारीमागे तीन मिनिटे धरली, तर एका रांगेला साडेसात तास लागतील. पाच रांगा केल्या तरी दीड तास. प्रवास तासाभराचा आणि तपासणी दीड तासाची, हे व्यवहारात टिकणारे नाही. शिवाय धक्क्यावर वाहनांची व माणसांची दाटी झाली, तर ती दाटीच घातपात्याचे नवे लक्ष्य होऊन बसेल. म्हणून काही वाहने निवडून तपासावयाची आणि ही निवड कोणालाही अगोदर ओळखता येणार नाही अशी ठेवावयाची, ही रीत पडली. पाचांपैकी एक गाडी तपासली तर कट करणारा पाचांत चार वेळा सुटेल, हे खरे. परंतु कट करणाऱ्याला निश्चिती हवी असते. तीन गाड्या लागणारा बेत त्याने आखला, तर तिन्ही सुटण्याची शक्यता जेमतेम निम्मी उरते. आपला नंबर आज लागेल की काय, ही टांगती तलवारच तपासणीचे अर्धे काम करते. मात्र निवड खरोखरच चिठ्ठ्या टाकल्यासारखी हवी. ती चेहऱ्यावरून, पेहरावावरून किंवा नावावरून होऊ लागली, तर निरपराध माणसांचा अपमान होतो आणि घातपात्याला कसा वेष घ्यावा हे आयते समजते.

येथे नागरिकाच्या हक्काचा प्रश्न उभा राहतो. संशयाचे काही कारण नसताना सरकारने किंवा सरकारच्या आज्ञेने एखाद्या कंपनीने आपली पिशवी उघडावी, आपल्या मोटारीची डिक्की पाहावी, हे योग्य आहे काय? अमेरिकेत व्हर्माँट व न्यूयॉर्क या राज्यांमधील शँप्लेन सरोवरावर चालणाऱ्या नौकांवरील दोन नित्याच्या प्रवाशांनी हाच प्रश्न न्यायालयात नेला. एकाच्या सामानाची आणि दुसऱ्याच्या मोटारीची तपासणी होत असे. २००६ साली अपील न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिणाऱ्या न्यायाधीश सोनिया सोटोमायोर पुढे २००९ मध्ये त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. निकाल प्रवाशांच्या विरुद्ध गेला, पण त्यातील विचाराची वाट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नौकेवर चढले म्हणून माणसाचा खासगीपणाचा हक्क कमी होतो, हे सरकारचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. हक्क पूर्ण आहे, असेच धरून ते पुढे गेले. मात्र ही तपासणी अल्प वेळाची, उघड आणि पूर्वसूचना दिलेली आहे, आणि नौकेवरील सर्वांच्या जीविताचे रक्षण हे विशेष प्रयोजन तिच्यामागे आहे. या कारणांनी ती न्यायालयाने वाजवी ठरविली. याचा अर्थ असा की, तपासणी वाजवी असेल तोपर्यंतच तिला हक्कापुढे जागा आहे. तपासनिसाचा हात स्फोटके शोधण्यापलीकडे, लोकांची पत्रे वाचण्याकडे किंवा त्यांची उगाच मानहानी करण्याकडे वळला, की त्याचा आधार सुटतो.

भारतात ही चर्चा दूरदेशीची राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळील मांडव्यापर्यंत मोटारी नेणारी रो-रो नौका सुरू झाली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात गुजरातमध्ये घोघा ते हजिरा ही सेवा सुरू झाली व रस्त्याने सुमारे ३७० किलोमीटरांचा वळसा समुद्रमार्गे नव्वद किलोमीटरांवर आला. कोकणातील खाड्यांवर जंगलजेट्टीतून आणि गोव्याच्या नद्यांवर फेरीबोटींतून मोटारी रोज पलीकडे जातात. आंतरराष्ट्रीय संहिता मूलतः देशाबाहेर जाणाऱ्या जहाजांसाठी आहे. देशातल्या देशात चालणाऱ्या नौकांना ती किती लागू करावयाची, हे प्रत्येक राष्ट्राने धोका पाहून ठरवावयाचे असते. पाच मिनिटांच्या खाडीवर क्ष-किरणांची कमान उभारणे हास्यास्पद होईल. शेकडो उतारूंच्या नौकेवर काहीच न पाहणे बेजबाबदारपणाचे होईल. या दोन टोकांमधील प्रमाण साधणे हेच शहाणपण.

भाऊच्या धक्क्याने संकट पाहिलेले आहे. १७ जुलै १९४७ रोजी तेथून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली व सहाशेहून अधिक माणसे गेली. किनाऱ्यावरील कित्येक घरांत ती आठवण अजून निघते. ते वादळाचे संकट होते. याच किनाऱ्याने माणसाने आणलेले संकटही पाहिले आहे. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे समुद्रमार्गे स्फोटके उतरविली गेली. वाहनांतून ती मुंबईत पोहोचली आणि १२ मार्च १९९३ रोजी मोटारींत व स्कूटरींत ठेवलेल्या बाँबनी, तसेच इतर स्फोटांनी, २५७ जणांचे प्राण घेतले. तो माल रस्त्यात अडविला गेला नव्हता असे नाही. तो अडविणाऱ्या काही पोलिसांनी लाच घेऊन सोडून दिला, हे पुढे विशेष न्यायालयात शाबीत झाले.

ही घटना आणि पोर्ट अँजेलिसची घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. एका ठिकाणी अधिकाऱ्याच्या हातात कोणतेही यंत्र नव्हते. होते ते फक्त चार प्रश्न आणि उत्तर देणाऱ्याकडे नीट पाहण्याची सवय. त्यांनी एका विमानतळावरील अनेकांचे प्राण वाचले. दुसऱ्या ठिकाणी गाडी अडविलेली होती, माल हाताशी होता, आणि तरीही २५७ घरांवर आकाश कोसळले. आरसा, कुत्रा, रसायन आणि क्ष-किरण ही सारी साधने शेवटी एका माणसाच्या हाती येऊन थांबतात. तो माणूस दक्ष असेल, त्याला पुरेसे वेतन व पुरेशी विश्रांती मिळत असेल आणि वेळ पडली तर नौका थांबविण्याचा अधिकार त्याला असेल, तरच त्या साधनांना अर्थ आहे. हेरल्ड नौकेच्या चौकशीतही पुढे आलेला दोष केवळ एका खलाशाचा नव्हता. दार बंद झाले की नाही हे कप्तानाला कळविण्याची व्यवस्थाच कंपनीने ठेवली नव्हती. पहारा एकट्याचा नसतो. तो व्यवस्थेचा असतो.

आणि त्या व्यवस्थेत प्रवासीही येतो. दुसऱ्याने दिलेले बंद पुडके आपल्या गाडीत न ठेवणे, स्वयंपाकाचा गॅस असल्यास तो आपण होऊन सांगणे, बेवारशी गाडी किंवा सामान दिसले तर खलाशाच्या कानावर घालणे आणि डिक्की उघडावयास सांगितली असता कपाळाला आठी न घालणे, एवढे त्याच्याकडून अपेक्षित आहे. त्याबदल्यात त्याने सौजन्याची, वेळेच्या नेमकेपणाची आणि सर्वांना सारख्या वागणुकीची मागणी करावी. ती मागणी न्याय्यच आहे.

तरीवाल्याची होडी लहान होती, म्हणून तिच्यातल्या सर्वांची एकमेकांशी ओळख होती. आजची नौका मोठी आहे आणि तिच्यावर चढणारे एकमेकांना परके आहेत. तरीही दोर सुटल्यापासून दुसरा किनारा लागेपर्यंत त्यांचे दैव एकाच फळीवर असते. धक्क्यावर गाडीची काच खाली करून विचारला जाणारा प्रश्न जुनाच आहे. “कुणीकडचे पाहुणे?” असे तरीवाला विचारी, तेव्हा त्याला आपल्या होडीची काळजी असे आणि पाहुण्याचीही.